ठेका एक, हात अनेक

आषाढ लागला, की पुण्यात मुठेच्या पात्रालगत संध्याकाळी ढोल घुमू लागतात. वाद्यपूजन होते, नव्या वादकांची नावे नोंदवली जातात आणि गणेशोत्सवाच्या तयारीला प्रारंभ होतो. पुढचा दीड-दोन महिन्यांचा काळ नोकरी, महाविद्यालय किंवा दुकान आटोपून आलेली शेकडो माणसे येथे उभी राहून ढोल वाजवतात. त्यांच्यापैकी बहुतेकांना त्याचे पैसे मिळत नाहीत. हाताला फोड येतात, खांदे भरून येतात, पावसात भिजावे लागते, घरून बोलणीही खावी लागतात. तरीही पुढच्या वर्षी यातील अनेकजण पुन्हा हजर असतात.

ढोल-ताशा पथकांची चर्चा दरवर्षी होते, ती आवाजाची, वाहतूक कोंडीची आणि लांबलेल्या मिरवणुकीची. ही चर्चा आवश्यकच आहे. मात्र, एवढे कष्ट घेणाऱ्या वादकाला त्यातून नेमके काय मिळते, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडतो. गेल्या पंचवीस वर्षांत जगभरातील संशोधकांनी सामूहिक तालवादनाचा अभ्यास केला असून, त्याचे निष्कर्ष पथकांना आणि पथकांवर टीका करणाऱ्यांनाही विचार करायला लावणारे आहेत. थोडक्यात सांगायचे, तर लाभ होतो तो एकत्र वाजवल्याने. त्यासाठी आवाज कानठळ्या बसवणारा असावा लागतो किंवा ढोलांची संख्या शेकड्यांत असावी लागते, असे कोठेही दिसून आलेले नाही.

गावाकडून शाळेत, शाळेतून रस्त्यावर

ढोल हे शहराने घडवलेले वाद्य नव्हे. मुळशी, मावळ या भागांतील गावांत ढोल-लेझीमची परंपरा जुनी आहे. गावची जत्रा असो वा देवाची पालखी, ढोलाशिवाय तिला शोभा नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. पुढे त्याच्या मिरवणुकीत गावाकडचे हे खेळ येऊ लागले. त्या काळी शहरातील पांढरपेशा घरांतील माणसे रस्त्याच्या कडेला उभी राहून ते पाहत. ढोल हाती घेण्याचा विचार त्यांच्या मनाला सहसा शिवत नसे.

हे चित्र बदलले ते प्रामुख्याने शाळांमुळे. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ज्ञानप्रबोधिनीने विद्यार्थ्यांचे पथक मिरवणुकीत उतरवले. बर्ची नृत्य आणि ढोल-ताशांचा मेळ हे त्याचे वैशिष्ट्य ठरले. रमणबाग, विमलाबाई गरवारे प्रशाला, नूतन मराठी विद्यालय या शाळांची पथकेही पुणेकरांच्या परिचयाची झाली. शाळेच्या गणवेशातील मुले रांगेत, शिस्तीत ढोल वाजवताना पाहून पालकांच्या मनातील संकोच गळून पडला. मुलीही ढोल कमरेला बांधून रस्त्यावर उतरल्या. आज अनेक पथकांत महिलांची संख्या लक्षणीय आहे आणि त्याचे कोणाला नवलही वाटत नाही.

शाळा सुटली तरी ढोल सुटला नाही. माजी विद्यार्थ्यांनी आणि मित्रमंडळींनी आपापली स्वतंत्र पथके उभी केली. मुंबई, ठाणे, नागपूर अशा शहरांत ती वाढली. नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या मराठी तरुणांनी अमेरिका, ब्रिटन आणि दुबईतही पथके सुरू केली. एका अर्थाने गावाच्या पारावरील वाद्याला महानगराने आपलेसे केले.

नवख्यालाही जागा

पथकाची रचना पाहिली, की त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण लक्षात येते. ढोलाला दोन तोंडे असतात. एका तोंडावर टिपरूचा ठोका पडतो, तर दुसऱ्यावर हाताची थाप. टिपरूचा आवाज टणक आणि थापेचा खर्जातला. पूर्वी ढोलाला कातडी पाने असत. आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम पाने वापरली जातात, त्यामुळे पावसात वाद्य सैल पडण्याचा त्रास कमी झाला आहे. ताशा आकाराने लहान आणि उथळ. तो गळ्यात अडकवून दोन बारीक काड्यांनी वाजवला जातो. त्याचा आवाज तीक्ष्ण असल्याने ढोलांच्या गजरातही तो वेगळा ऐकू येतो.

पथकाचे नेतृत्व या ताशाकडे असते. ताशावरील तर्री सुरू झाली, की ढोलवादक सावध होतात. ठेका केव्हा उचलायचा, लय केव्हा वाढवायची, कोठे थांबायचे, हे ताशाच्या इशाऱ्यावर ठरते. ताशावर हात बसायला वर्षे लागतात. ढोलाचे साधे ठेके मात्र चिकाटीने सराव करणाऱ्याला काही आठवड्यांत जमू लागतात. झांज, टोल आणि ध्वज सांभाळणाऱ्यांचे काम आणखी वेगळे. म्हणजेच, एकाच पथकात वीस वर्षे ताशा वाजवणारा आणि वीस दिवसांपूर्वी आलेला नवखा शेजारी-शेजारी उभे राहू शकतात. नवख्याचा एखादा ठोका चुकला, तर तो इतरांच्या आवाजात विरून जातो आणि पुढच्या आवर्तनात त्याला सुधारायची संधी मिळते. गायनाच्या मैफलीत किंवा तबल्याच्या साथीत अशी मुभा नसते. ‘मला संगीतातले काही कळत नाही,’ असे म्हणणाऱ्या माणसालाही संगीत घडवण्याचा अनुभव देणारी अशी ठिकाणे आपल्या समाजात फार थोडी उरली आहेत.

सातासमुद्रापलीकडची वर्तुळे

पाश्चात्त्य देशांत याच प्रकारच्या उपक्रमाला ‘ड्रम सर्कल’ म्हणतात. माणसे वर्तुळात बसतात, प्रत्येकाच्या हाती एखादे तालवाद्य असते आणि श्रोता असा कोणीच नसतो. त्यातील जेंबे हे सर्वपरिचित वाद्य पश्चिम आफ्रिकेतून आले. नायजेरियाचे ढोलवादक बाबातुंदे ओलातुंजी यांच्या १९६०च्या ‘ड्रम्स ऑफ पॅशन’ या ध्वनिमुद्रिकेने आफ्रिकी तालवाद्ये अमेरिकेत घरोघरी पोहोचवली. आर्थर हल यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी अशा वर्तुळांचे संचालन कसे करावे, याचे रीतसर शिक्षण देण्यास सुरुवात केली. ‘ग्रेटफुल डेड’ या प्रसिद्ध वाद्यवृंदाचे ढोलवादक मिकी हार्ट यांनी १९९१ मध्ये अमेरिकी सिनेटच्या ज्येष्ठांविषयीच्या समितीपुढे साक्ष देताना वृद्धांसाठी तालवादन किती उपयुक्त ठरू शकते, याची मांडणी केली होती.

एकत्रित तालाचे सामर्थ्य सत्ताधाऱ्यांनी फार पूर्वीच ओळखले होते. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिनात १७३९ मध्ये गुलामांनी ढोल वाजवत बंड केले. त्यानंतर १७४० मध्ये तेथे झालेल्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगण्यास मनाई केली. विखुरलेल्या माणसांना ढोल एकत्र आणतो, ही भीती त्यामागे होती.

ड्रम सर्कल आणि ढोल-ताशा पथक यांत फरकही आहेत. वर्तुळात ठेका आयत्या वेळी सुचत जातो, पथकात तो आधी ठरलेला असतो. वर्तुळ एका जागी बसते, पथक मिरवणुकीबरोबर पुढे सरकते. मात्र, अनेकांनी एका लयीत हात चालवायचे, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच आहे. सामूहिक तालवादनाचे बहुतेक अभ्यास परदेशात आणि अशाच लहान गटांवर झाले असल्याने ही तुलना उपयोगी पडते.

संशोधन काय सांगते?

ऑक्सफर्ड विद्यापीठातील रॉबिन डनबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गाणे, नाचणे आणि ढोल वाजवणे या कृतींनंतर माणसाची वेदना सोसण्याची क्षमता वाढल्याचे आढळले. नुसते संगीत ऐकणाऱ्यांत तसा बदल दिसला नाही. शरीरात एंडॉर्फिन हे नैसर्गिक वेदनाशामक द्रव्य स्रवल्याची ती अप्रत्यक्ष खूण मानली जाते. फोड आलेल्या हातांनी तासन् तास वाजवणारा वादक हसतमुख कसा असतो, याचा काहीसा उलगडा यातून होतो. त्याचबरोबर, मिरवणूक पाहणाऱ्याचा आनंद आणि मिरवणुकीत वाजवणाऱ्याचा आनंद एकाच जातीचा नसावा, असेही यावरून म्हणता येते.

दुसरा मुद्दा परस्परांविषयीच्या आपुलकीचा. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०११ मध्ये केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना एका जोडीदारासोबत तालवादन करायला लावले. नंतर त्या जोडीदाराने जणू चुकून हातातील पेन्सिली खाली पाडल्या. ज्याच्याबरोबर आपला ताल जुळला, त्याच्या पेन्सिली उचलून देण्यास लोक अधिक तत्पर होते. ज्यांना ताल सहज जमला, त्यांच्यात हा परिणाम विशेषत्वाने दिसला. ढोलाचे सोपे ठेके नवख्याला पथकात सामावून घेण्यास का उपयोगी पडतात, हे यावरून लक्षात यावे.

इस्रायलमधील बार-इलान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आणखी एक पाऊल पुढे जातो. त्यांनी तीन-तीन जणांच्या गटांना एकत्र तालवादन करायला लावून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. वादन सुरू असताना गटातील माणसांच्या हृदयाच्या ठोक्यांमध्ये मेळ निर्माण झाला आणि ज्या गटांत हा मेळ अधिक होता, त्यांना आपसांत एकोपाही अधिक जाणवला. ‘काळजाचा ठोका जुळणे’ हा आपण सहज वापरतो तो शब्दप्रयोग अशा रीतीने प्रयोगशाळेत मोजला गेला.

मानसिक आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरलेला अभ्यास लंडनमधील आहे. मानसिक आरोग्य सेवेचा लाभ घेणाऱ्या सुमारे ३० व्यक्तींनी दहा आठवडे, दर आठवड्याला दीड तास एकत्र तालवादन केले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दहा आठवड्यांअखेर त्यांच्यातील नैराश्याचे प्रमाण सरासरी ३८ टक्क्यांनी घटले. चिंताही कमी झाली आणि तीन महिन्यांनंतरच्या तपासणीतही हा फरक टिकून होता. अर्थात, सहभागींची संख्या लहान होती आणि तालवादन म्हणजे औषधोपचाराला पर्याय, असा अर्थ यातून काढणे चुकीचे ठरेल. डॉक्टरांच्या सल्ल्याला पूरक, असेच त्याचे स्थान आहे.

ओळख देणारी जागा

पथकाचा आणखी एक लाभ कोणत्याही यंत्राने मोजता येणार नाही. शिक्षण किंवा नोकरीसाठी दुसऱ्या गावाहून पुण्यात आलेल्या तरुणाची ओळख सहसा दोनच ठिकाणी असते: राहण्याच्या जागी आणि कामाच्या जागी. पथकात त्याला तिसरी जागा मिळते. तेथे अभियंत्याशेजारी रिक्षाचालकाचा मुलगा, महाविद्यालयीन तरुणीशेजारी दोन मुलांची आई उभी असते. ठेका चालू असताना कोणाचे पद विचारले जात नाही. नवखा वादक वयाने मोठा असला, तरी शिकवणाऱ्या विशीतल्या मुलाला तो ‘दादा’ म्हणतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

वाजवण्याइतकेच महत्त्व वाजवण्यापलीकडच्या कामांना असते. ढोलांच्या दोऱ्या आवळणे, फुटलेली पाने बदलणे, वाद्ये टेम्पोत चढवणे-उतरवणे, मिरवणुकीत वादकांभोवती दोर धरून उभे राहणे, पाणी पोहोचवणे, ही कामे सर्वांना वाटून घ्यावी लागतात. मंडळांकडून मिळणाऱ्या सुपारीच्या रकमेतून वाद्यांचा आणि वाहतुकीचा खर्च भागवून उरलेले पैसे सामाजिक कार्याला देणारी पथकेही आहेत. शहरात एकत्र येऊन काम करण्याची सवय मोडत चालली असताना ही गोष्ट लहान म्हणता येणार नाही.

कानांचे काय?

नाण्याची दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे. नदीपात्रालगतच्या इमारतींतील ज्येष्ठ नागरिक, आजारी माणसे, तान्ह्या मुलांच्या माता आणि परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी यांना दीड-दोन महिने रोज संध्याकाळी हा आवाज ऐकावा लागतो. तो त्यांनी निवडलेला नसतो. संशोधनातून वादकाला झालेले लाभ दिसले, म्हणून शेजाऱ्याचा त्रास खोटा ठरत नाही.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० आणि ४० डेसिबल आहे. प्रत्यक्षात विसर्जन मिरवणुकीच्या काळात लक्ष्मी रस्त्यावर अभियांत्रिकीचे विद्यार्थी वर्षानुवर्षे घेत असलेल्या नोंदींत २०२२ आणि २०२३ या वर्षांची सरासरी १०० डेसिबलच्या वर गेली होती. २०२४ मध्ये ती ९५च्या आसपास उतरली. या आवाजात ध्वनिक्षेपकांच्या भिंतींचा वाटा मोठा असतो, हे खरे. तरीही ढोल-ताशांचा वाटा नाकारता येत नाही.

सर्वाधिक धोका मात्र खुद्द वादकाच्या कानांना असतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला जास्तीत जास्त आठ तास सहन करता येतो. त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८८ डेसिबलला चार तास, ९४ला एक तास आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. पथकाच्या मध्यभागी उभा असलेला वादक दीड-दोन महिने रोज किती काळ या मर्यादेपलीकडे राहत असेल, याचा अंदाज यावरून करता येईल. आवाजाने आतल्या कानातील नाजूक पेशी एकदा नष्ट झाल्या, की त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. सरावानंतर कानात गुणगुण होत असेल, तर ती धोक्याची पहिली सूचना समजावी.

हा वाद न्यायालयातही गेला. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने ३० ऑगस्ट २०२४ रोजी दिलेल्या आदेशात पथकातील वादकांची संख्या ३० पर्यंत मर्यादित केली. पथकांच्या वतीने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली आणि १२ सप्टेंबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने संख्येच्या या निर्बंधाला स्थगिती दिली. पथकांनी या निर्णयाचे स्वागत केले. मात्र, स्थगितीमुळे आवाजाचा प्रश्न सुटला, असे समजणे धाडसाचे ठरेल.

मध्यममार्ग शक्य आहे

येथेच संशोधनाचे निष्कर्ष उपयोगी पडतात. बार-इलानच्या अभ्यासात गट तीन जणांचे होते आणि नेदरलँड्सच्या प्रयोगात तर केवळ जोडी होती. लंडनमध्येही सहभागींची एकूण संख्या तिशीच्या आसपास होती. म्हणजे एकोपा, प्रसन्नता आणि मनाची उभारी यांसाठी शे-दोनशे ढोल लागत नाहीत. लंडनमधील गटाला आठवड्याला दीड तास पुरेसा ठरला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. संख्या वाढली, की भव्यता वाढते हे मान्य. पण भव्यता प्रामुख्याने पाहणाऱ्यासाठी असते आणि तिची किंमत वादकाचे कान आणि शेजाऱ्याची झोप चुकवतात.

त्या दृष्टीने काही गोष्टी पथकांना स्वतःहून करता येतील. मोठ्या पथकाने लहान तुकड्या पाडून आलटून-पालटून सराव केला, तर एका वेळचा आवाज घटतो आणि प्रत्येकाकडे लक्षही देता येते. नवख्यांना आधी मांडीवर किंवा रबरी गादीवर ठेका बसवायला लावून मगच ढोल देता येईल. सरावाची वेळ ठरलेली असावी आणि ती परिसरातील रहिवाशांना आधी कळवावी. औषधांच्या दुकानात अल्प किमतीत मिळणारे कानातील बोळे हे टिपरूइतकेच आवश्यक साहित्य मानले जावे. ताशावादकांना आणि मधल्या रांगांतील ढोलवादकांना तर त्यांची सक्तीच हवी. दर अर्ध्या-पाऊण तासाने कानांना विश्रांती मिळाली, तर हातांनाही ती मिळेल.

याहून महत्त्वाची सूचना वर्षभराच्या उपयोगाची आहे. अनंत चतुर्दशीनंतर बहुतेक ढोल गोदामात जातात. त्याऐवजी महिन्यातून दोनदा ज्येष्ठ नागरिक संघ, विशेष मुलांच्या शाळा किंवा वस्तीतील मुलांसाठी हलक्या वाद्यांची लहान वर्तुळे भरवणे पथकांना अवघड नाही. खंजिरी, टाळ, डफ ही वाद्ये घराघरांत सापडतात आणि ती हळू वाजवता येतात. ठेका शिकवू शकणारी शेकडो माणसे या शहरात तयार आहेत. मिरवणुकीत उभे राहण्याची ताकद ज्यांच्या पायांत उरलेली नाही, त्यांनाही या आनंदात वाटा मिळू शकेल.

पथकात जाऊ इच्छिणाऱ्यांनीही थोडी चौकशी करावी. सरावाची वेळ काय, किती वादक एकत्र वाजवतात, कानांच्या संरक्षणाची काय व्यवस्था आहे, हे प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. पाठीचे, कानाचे किंवा हृदयाचे दुखणे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. ढोल पेलत नसेल, तर झांज किंवा ध्वज आहेच. ठेक्यात सामील होण्यासाठी ढोलच हवा, असा काही नियम नाही. गावाच्या पारावर सुरू झालेला हा खेळ शहरात टिकला, तो त्याने नव्या माणसांना सामावून घेतले म्हणून. आता शेजारी राहणाऱ्यांनाही त्याने सांभाळून घेतले, तर त्याच्या वाटेत कायद्याची अडचण येण्याचे कारण उरणार नाही.